रिकाम्या बिल्डिंगमधला ताप

गणपतीत आमची बिल्डिंग एकदा बघायला या. सात मजले आणि दारादाराला कुलूप. भांडुपच्या या चढावर आम्ही सगळे कोकणातले. पूर्वी बैठी चाळ होती, आता लिफ्टची बिल्डिंग झाली, पण माणसं तीच. चतुर्थी दोन दिवसांवर आली की बॅगा, मखराचे पुठ्ठे, लाइटच्या माळा घेऊन जो तो गावाला पळतो. वर्षभर ज्यांच्याशी पाण्यावरून भांडायचं तेसुद्धा जाताना "येतो हां काकू, लक्ष ठेवा" म्हणून जातात. मागे उरतो आमचा वॉचमन आणि जिन्यातली मांजरं. आमचे डॉक्टर, खाली नाक्यावर ज्यांचा दवाखाना, तेही मालवणकडचेच. त्यांचं शटरसुद्धा गौरी जाईपर्यंत खाली.

दरवर्षी या पळणाऱ्यांत आम्हीही असतो. त्या वर्षी नव्हतो, कारण आम्हाला सुतक होतं. माझे मोठे दीर गावाला वारले, आणि चतुर्थी सुतकातच आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भावकीत कुणी गेलं की दिवस पुरे होईपर्यंत घरात देव पुजायचा नाही, दुसऱ्याच्या देवाला शिवायचं नाही, आणि ज्या घरात गणपती बसलाय त्या घराचा उंबरठा तर ओलांडायचाच नाही. आमच्यात हे कुणी शिकवावं लागत नाही. चालायला लागलं की कळतं.

लेक दिवसकार्याला गावाला गेला. सून अंधेरीला एका कंपनीत आहे. ती म्हणाली, "आई, यंदा आपल्याकडे गणपती नाहीच, तर मी रजा कशाला घालवू? दिवाळीत लागेल." बरोबरच होतं तिचं. मग घरात राहिलो मी आणि माझी नात. दोन वर्षांची व्हायची होती अजून. बोलायची थोडं, पण हुकूम सगळे द्यायची.

गणपतीचा दुसरा दिवस. सकाळी सून निघाली तेव्हा पोरीचं अंग कोमट लागत होतं. सुनेनं ओठ लावून पाहिलं कपाळाला, मी हात लावून पाहिला. दोघींचं मत पडलं की दाढा येत असतील. तरी जाताना ती औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवून गेली. बाटलीबरोबर जे प्लास्टिकचं छोटं माप येतं ना, त्याच्यावर तिनं पेनानं रेघ मारून ठेवलेली असते. इथपर्यंत, याच्यावर नाही. कारण आमच्या घरात तापाची भीती आहे. माझ्या लेकाला लहानपणी तापात आकडी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी त्याच्या दातांत पितळी चमचा घातला, आणि त्याचा पुढचा दात अर्धा तुटून माझ्या हातात आला. दवाखान्यातला डॉक्टर माझ्यावर इतका ओरडला होता की त्याचं एक-एक वाक्य मला आजही पाठ आहे. सुनेला मी हे सगळं नात झाली त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. त्यामुळे अंग जरा गरम झालं तरी आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, आणि बोलायचो मात्र दुसरंच काहीतरी.

मऊभात दोन घास खाऊन पोर झोपली. मीही बाजूला पडले. जरा डोळा लागला असेल नसेल, मला पाठीला काहीतरी शेकल्यासारखं लागायला लागलं. वळून बघते तर पोर मला चिकटलेली. कपाळावर हात ठेवला आणि मागेच घेतला मी. पोटही तसंच, पाठही तशीच. आणि हातपाय मात्र गार, नखं निळसर, दातावर दात वाजतायत.

मी काय केलं? कुठलीही आजी करेल तेच. खिडक्या लावल्या, पंखा बंद, पायमोजे, स्वेटर, वरून गोधडी. कुडकुडतंय ना लेकरू. घाम आला की उतरेल असं आमच्याकडे म्हणतात, मीही तेच म्हणत बसले होते तिच्या कानाशी. पण घाम काही येईना. पोर लाल होत गेली आणि कण्हायला लागली. मोठ्यानं रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हाताऱ्या बाईसारखी कण्हत होती.

सुनेला फोन लावला. तिनं लगेच व्हिडिओवर घेतलं.

"आई, थर्मामीटर कपाटात आहे, वरच्या खणात. काखेत लावा. वाजेपर्यंत काढू नका."

ते वाजलं. मला आकडे दिसेनात, चष्मा कुठे होता देव जाणे. तेच फोनसमोर धरलं. तिनं डोळे बारीक करून वाचलं. मग म्हणाली, "एकशे चार." आणि मग तिला बाकीचं दिसलं.

"आई, तुम्ही तिला स्वेटर घातलाय?"

"थरथरतेय गं ती."

"काढा. आधी ते काढा. खिडकी उघडा, पंखा लावा बारीक."

"कुडकुडणाऱ्या पोराचे कपडे कुठली आजी काढते गं?"

"ही आजी काढते. काढा तुम्ही, मी बघतेय."

काढले. एकेक काढताना माझे हात अडत होते. झबलं तेवढं ठेवलं. सून तिकडे चालत होती, मागचं ऑफिस हलताना दिसत होतं. "मी निघाले. औषध द्या रेघेपर्यंत. मी रिक्षात बसून परत करते फोन."

आता औषध द्यायचं तर माप कुठे? बाटली टेबलावर, माप नाही. सकाळी होतं. टेबलाखाली बघितलं, सोफ्याखाली बघितलं, फ्रिजच्या मागे हात घातला. पोर पलंगावर कण्हतेय आणि मी गुडघ्यावर रांगतेय. स्वयंपाकघरातला चमचा घ्यावा असं दोनदा मनात आलं, पण किती चमचे म्हणजे रेघ? कमी गेलं तर उतरणार नाही, जास्त गेलं तर त्याची दुसरी भीती. शेवटी सापडलं ते बाहुलीच्या तोंडाला. नातीनं सकाळी बाहुलीला दूध पाजलं होतं त्यातनं.

धुतलं, भरलं, पाजलं. गिळलं तिनं. मी हुश्श म्हणते न म्हणते तोच सगळं माझ्या मांडीवर. औषध, मऊभात, सगळं.

आता? परत द्यायचं की नाही? आत किती राहिलं, बाहेर किती आलं, ते कसं कळणार? मी त्या उलटीकडे बघत बसले, जसं काही त्यातून मला मोजता येणार होतं. सुनेचा फोन लागेना. मग डॉक्टरांना लावला, गावाला. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि उचलला.

"काकू? मोठ्यानं बोला, इथे आरती चाललीय."

"पोरीला एकशे चार ताप. औषध दिलं ते उलटून पडलं. परत देऊ का?"

"उलटी कधी झाली? दिल्या दिल्या?"

"दिल्या दिल्याच."

"मग द्या परत तेवढंच. आणि काकू, ऐका, कोमट पाण्यानं…"

पुढे झांजा आणि मग काहीच नाही. परत लावला तर ती रेकॉर्डवरची बाई सांगायला लागली की आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता. आमच्या गावाकडे रेंज आंब्याच्या झाडाला लागलेली असते, त्या फांदीखालून हललात की गेली. मला तेव्हा त्या बाईचा गळा धरावासा वाटला.

परत दिलं औषध. यावेळी थेंबथेंब, गालाच्या आतल्या बाजूनं, मध्ये थांबत. राहिलं पोटात. कोमट म्हणाले होते म्हणजे कोमटच. फ्रिजमध्ये बर्फ होता, हात शिवशिवत होता, पण नाही काढला. गॅसवर पाणी जरासं तापवलं, नळाचं मिसळलं, कोपर बुडवून बघितलं, जसं अंघोळीचं बघतो तसं. नॅपकिन भिजवून मान, काखा, जांघा, तळपाय पुसत राहिले. पिळायचं, पुसायचं, परत बुडवायचं. ती पाय झाडायची. "नको आजी, नको." मी म्हणायचे, "झालं हां बाय माझी, एकदाच." एकदाच असं किती वेळा म्हटलं त्याला गणतीच नाही.

मध्येच सुनेचा फोन. ती लिंक रोडवर अडकलेली. दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला निघालेले, रिक्षा हलत नव्हती. "आई, मी उतरून चालतेय. उतरला का?" मी काय सांगू? चष्मा मिळाला होता, पण थर्मामीटर एका जागी बसलेलं. म्हटलं, "उतरेल गं. औषधाला वेळ लागतो." तिला धीर देताना माझा आवाज मलाच परका वाटला.

आणि मग पोरीची नजर बदलली.

हे मी कुणाला नीट सांगू शकत नाही. ज्यानं एकदा बघितलंय त्यालाच कळतं. ती माझ्याकडे बघत होती, पण बघणं माझ्यापाशी थांबत नव्हतं, माझ्या मागच्या भिंतीवर कुठेतरी जात होतं. हाक मारली तर वळली नाही. डाव्या हाताचं बोट उगाच एकदा उडालं. माझ्या लेकाचं असंच उडायचं, आधी.

मी एकटी होते. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये मी एकटी होते. पोरीला टॉवेलात घेतलं आणि दाराबाहेर आले. आमच्या मजल्यावर चार घरं, तीन कुलुपं. कुलपाला कोण बेल मारतं? मी मारली. तिन्ही दारांना मारली. आत बेल वाजलेली ऐकू येत होती आणि मी थांबत होते, जसं कुणी हात पुसत येणार आहे. खाली वॉचमनला इंटरकॉम केला होता, उचलला नाही, तो जेवायला मंडपात गेला असणार. म्हटलं, खाली जायचं, मंडपाच्या पलीकडे रिक्षा उभ्या असतात, तिथपर्यंत चालायचं. आमच्या गल्लीच्या तोंडावर मंडप पडलेला, त्यामुळे आत गाडी येत नव्हती त्या दिवसांत. चढावरून, पोर घेऊन, माझ्या या पायांनी. जाईन म्हटलं.

लिफ्टमध्ये पोरीनं मान मागे टाकली.

लिफ्ट तळमजल्यावर उघडली आणि समोरच एक दार सताड उघडं. रांगोळी, तोरण, उदबत्तीचा वास. अख्ख्या बिल्डिंगमध्ये ते एकच घर उघडं होतं, आणि त्या घरात गणपती होता.

त्या घरातली म्हातारी माझ्याहून मोठी. तिला मी वहिनी म्हणते. गुडघे गेलेले, गावचा प्रवास झेपत नाही, म्हणून तिनं दीड दिवसाचा गणपती इथेच आणायला सुरुवात केलेली. मला हे ठाऊक होतं. सकाळपासून तिच्या घरची घंटा मला वर ऐकू येत होती. तरी मदतीला कुणाला हाक मारायची असा विचार करताना ते घर माझ्या मनातच आलं नाही. सुतकातल्या माणसाला ते घर नसतंच, बघा. डोळ्यांसमोर असून नसतं.

मी रांगोळीच्या अलीकडे उभी राहिले. आत वहिनी पाटावर, तिचा चेंबूरचा धाकटा भाऊ सोवळं नेसून उत्तरपूजेला बसलेला. उत्तरपूजा झाली की गणपती हलवायचा आणि विसर्जनाला न्यायचा, अशा वेळेला मी पोचले. माझ्या तोंडून हाकसुद्धा निघेना. जे निघालं ते हे, "वहिनी, आमका सुतक हा."

ती वळली. माझ्या हातातलं बघितलं.

"काय झाला गो चेडवाक?"

"ताप. डोळे फिरवतेय."

"मगे भायर काय उभी रवलंस? भितर ये."

"सुतक…"

"आयकलंय मी. ताप काय पायरीर ठेवन येतलंस?"

भाऊ म्हणाला, "ताई, उत्तरपूजा व्हायचीय अजून." वाईट नाही बोलला. जे होतं ते बोलला. मीही त्याच्या जागी तेच म्हटलं असतं.

"तू गप रव," वहिनी म्हणाली. "माझ्या घरचो देव मी बघतंय."

मी रांगोळीवर पाय दिला. चुकवायला बघितलं, पण पाय दिलाच गेला. आत गेले, आणि सतरंजीवर पोरीला ठेवते न ठेवते तोच ती ताठ झाली.

ताठ म्हणजे लाकूड. मग हातपाय झटके द्यायला लागले, डोळ्यांचं पांढरं तेवढं राहिलं, ओठ काळेनिळे. तोंडातून फेस. समोर गणपती, समया तेवत असलेल्या, आणि खाली हे. मी हाडामांसाची बाई, मला काय वाटलं ते विचारू नका. ती गेली असंच वाटलं. सुनेला काय सांगू एवढं एकच डोक्यात आलं, त्याचीही लाज वाटते की तेच आलं.

भाऊ उठला आणि धावला. हातात पूजेची पळी. "दातखीळ बसेल, दातांत घाला, जीभ चावेल ती." वहिनी आत ओरडत होती, कांदा फोडते, नाकाला लावू या. दोघंही जीव तोडून करत होते. आमच्यात पिढ्यान् पिढ्या हेच केलंय.

मी त्या सोवळ्यातल्या माणसाचा हात धरला. सुतकाच्या हातानं. "तोंडात काही घालायचं नाही," म्हटलं. "काही म्हणजे काही नाही." आणि पोरीला कुशीवर वळवलं, जसं त्या ओरडणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं होतं. फेस बाहेर वाहू दिला. डोक्याखाली टॉवेल सारला. हात दाबून धरले नाहीत. धरावेसे वाटतात हो, फार वाटतात, वाटतं आपण घट्ट धरलं तर थांबेल. धरायचे नसतात. नुसतं बाजूला बसायचं असतं, हात मांडीखाली घेऊन. जगात याहून अवघड काम मी केलेलं नाही.

"श्वास आहे का?" भाऊ विचारत होता. "काकी, श्वास आहे का?" मला कळत नव्हतं. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं.

मग झटके विरळ झाले. एक, मग बराच वेळ काही नाही, मग अर्धा. आणि मग ती सैल पडली. सैल पडली तेव्हा जास्त घाबरले मी. नाकाशी गाल नेला. गरम हवा लागली. एवढी गरम, की त्या तापाला मी हात जोडले.

वहिनी फोडलेला कांदा घेऊन दारात उभीच राहिली होती. म्हणाली, "गाडी खंय हा रे तुझी?"

"मंडपाच्या पलीकडे."

"मगे उठ."

भावानं पोर उचलली. उघडा माणूस, गळ्यात जानवं, कमरेला रेशमी सोवळं, कपाळाला गंध. त्यानं तशीच उचलली आणि मंडपातून धावत सुटला, आणि मी मागे. मंडपात भजनाला बसलेली माणसं आमच्याकडे बघत राहिली. वाटेत मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुमची पूजा?" तो म्हणाला, "काकी, तुम्ही फक्त सांगत राहा ती श्वास घेतेय." मी सांगत राहिले. घेतेय, घेतेय, घेतेय.

नर्सिंग होममध्ये एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी पोरीला बघितलं आणि मग भावाकडे, आणि तिला काही विचारायचं सुचेना. मीच सांगितलं, ताप कधीपासून, औषध किती, उलटी कधी, परत किती दिलं, आकडी कशी आली, बापाला लहानपणी यायची. ती ऐकत गेली आणि पोरीला तपासत गेली. पोरीनं डोळे उघडले होते, पण माझ्याकडे बघत नव्हती, कुणाकडेच नाही. मी विचारलं, "ही मला ओळखेल ना?" डॉक्टरीण म्हणाली, "आजी, थकलीय ती. झोपू दे. झोपेतून उठली की बघू." बघू म्हणाली. हो असं नाही म्हणाली.

सून आली तेव्हा तिच्या पायांत चपला नव्हत्या. अंगठा तुटला म्हणून दोन्ही काढून चालली होती, एक कुठेतरी टाकली, एक हातात राहिली होती. मी उभी राहिले. तिला वाटेत मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं, की नर्सिंग होमला ये. तिनं मला विचारलं नाही काय झालं. मला ओलांडून गेली. बरोबर आहे. मग पोरीच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली, वर खाली होणारा हात बघत.

थोड्या वेळानं म्हणाली, "आली का?"

मी मान डोलावली.

"तोंडात कुणी काही…"

"नाही घालू दिलं."

तिनं तो चपलेचा हात माझ्या पाठीवर ठेवला. चपलेसकट.

भाऊ बाहेरच्या बाकावर बसून होता, अंगावर एका वॉर्डबॉयनं दिलेली चादर. सून आल्यावर तो उठला. घरी गणपती पाटावर तसाच बसलेला, उत्तरपूजा अर्धी टाकलेली. नंतर कळलं, तो गेला, अंघोळ केली, पूजा पहिल्यापासून परत केली, आणि सगळ्यांची विसर्जनं आटोपल्यावर यांचा निघाला. वहिनीला भावकीतल्या कुणी फोनवर ऐकवलं म्हणे, सुतकाची माणसं घेतली आत, पूजा मोडली. ती म्हणाली, माझ्या गणपतीक माझ्यापेक्षा जास्त अक्कल हा. एवढंच बोलून फोन ठेवला तिनं.

संध्याकाळी पोर उठली. सुनेकडे बघितलं, "आई" म्हणाली, मग माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. मला तेवढंही पुष्कळ होतं. ओळखून फिरवलं ना.

पण ताप गेला नव्हता. लोकांना वाटतं आकडी येऊन गेली, डॉक्टर झाला, संपलं. कुठे संपतं? नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले व्हायरल दिसतंय, घरी न्या, औषध वेळेवर, पाणी पाजत राहा, परत आली आणि लवकर थांबली नाही, नाहीतर पोर शुद्धीवर येईना झाली, तर थेट इकडे. घरी नेलं. औषध दिलं की ताप जरा खाली बसायचा, पोर दोन घोट पेज प्यायची, आणि औषधाचा जोर ओसरला की परत चढायचा. प्रत्येक चढण्याला आम्ही दोघी तिच्या बोटांकडे बघत बसायचो. उडतंय का. उडतंय का. सून एका बाजूला, मी एका बाजूला. लेक गावाहून निघाला होता, पण यायला गाड्या कुठे मिळतात त्या दिवसांत? फोनवर रडत होता. सून त्याला म्हणाली, "रडायचं असेल तर ठेव. मला ती लाइन मोकळी हवीय." मी ऐकत होते. मनात म्हटलं, बाई, आहेस खरी.

कोमट पाणी, नॅपकिन. मी पुसायला गेले की पोर किंचाळायची. सुनेनं पुसलेलं चालायचं. माझा हात नाही.

एकदा सुनेनं मला विचारलं, पाणी बदलत असताना, खालीच बघून, "आई, याच्यानंतर ती वेगळी नाही ना होणार? तुमच्या लेकाला काही…"

"त्याला गणित येत नाही," मी म्हटलं, "पण ते आकडीमुळे नाही, माझ्यामुळे."

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. मग तशीच नॅपकिन पिळत राहिली. मीही तिला उगी म्हटलं नाही. मला तरी कोण म्हणणार होतं?

चौथ्या सकाळी सुनेनं हाक मारली, आणि मी हातातलं टाकून धावले. पोर शांत झोपलेली, झबलं वर केलेलं, आणि पोटावर, छातीवर, पाठीवर लाल लाल बारीक पुरळ. अंगभर. आम्ही दोघी बघत राहिलो. माझ्या लहानपणी असं अंगावर आलं की घर बंद व्हायचं आणि मोठी माणसं कुजबुजायची. मला वाटलं, हे आता दुसरं. आता हे सुरू झालं. एवढ्यातून ओढून आणली आणि आता हे. मी भिंतीला धरून खाली बसले. सुनेनं फोटो काढले, गावाला डॉक्टरांना पाठवले, आणि आम्ही त्या फोनकडे बघत बसलो. आंब्याखाली उभे असतील का आत्ता? असतील का?

फोन आला. सुनेनं स्पीकरवर ठेवला.

"ताप आहे का आत्ता?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पुरळ बघून कुणी हातच लावला नव्हता. सुनेनं कपाळावर ठेवला, मी पायाला. गार. गार म्हणजे माणसाच्या अंगासारखं गार.

"नाही," सून म्हणाली. "नाहीये."

"मग गेला तो. ताप जाताना काही पोरांना असं पुरळ येतं. दोन दिवसांत मावळेल. तरी आज नर्सिंग होममध्ये एकदा दाखवून घ्या, पण घाबरू नका. काकू आहेत का तिथे? काकू, काळजी पुरे आता."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही त्या झाडाखालून हलू नका कधी." ते हसले आणि रेंज गेली.

दाखवून आणलं. तिथलेही तेच म्हणाले. पुरळ गेलं, पोर खायला लागली, पुन्हा हुकूम सुटायला लागले. पण माझ्याकडे येईना. पुढे बरेच दिवस येईना. मी हात पुसायला साधं फडकं घेतलं तरी ती सुनेच्या मागे जाऊन लपायची, आणि जवळ गेले तर घसा फाटेपर्यंत रडायची. "आजी नको." सून ओशाळायची, तिला रागवायला जायची. मी म्हणायचे, "राहू दे गं, रडू दे तिला." आणि मी उगाच ओट्यापाशी उभी राहून ऐकायचे ते. चांगलं दमदार, रागाचं रडणं होतं. त्यात कण्हणं कुठेच नव्हतं.